ट्रामपासून वायफायपर्यंत : नाजूक उपकरणांचे शेजारी

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील खोडद येथे मोठे विज्ञान प्रदर्शन भरते. गाड्या भरभरून शाळांची मुले येतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या अवाढव्य तबकड्या जवळून पाहायला मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. आत शिरण्यापूर्वी मोबाइल फोन बंद करायला सांगितले जाते. एकदा आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "दुर्बीण तर वर आकाशाकडे बघते. मग आपल्या खिशातल्या फोनचा तिला काय त्रास?"

त्या वेळी आम्ही 'इथला नियम आहे, पाळायचा' असे म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाने देऊ नये असेच ते उत्तर होते. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. पुढे शोध घेता घेता लक्षात आले, की हा प्रश्न मोबाइलपेक्षा आणि वायफायपेक्षाही बराच जुना आहे. विद्यापीठातल्या एखाद्या संशोधन प्रयोगशाळेच्या दाराबाहेर वायफायची पेटी बसवावी की नाही, यावरून आज जो वाद होतो, तसाच वाद सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत उभा राहिला होता. फक्त तेव्हा पेटीच्या जागी ट्राम होती.

कुलाब्याची वेधशाळा

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापन केली. तिचा मूळ उद्देश खगोलवेध आणि जहाजांसाठी अचूक वेळ हा होता. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची मोजमापे सुरू झाली. मराठी वाचकांना जवळची वाटतील अशी दोन नावे या वेधशाळेशी जोडलेली आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांकडे काही काळ तिचा कारभार होता, आणि गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तेथे काम केले होते.

चुंबकत्व मोजायचे म्हणजे काय करायचे? रेशमी धाग्याने एक चुंबकपट्टी टांगायची, तिला छोटा आरसा लावायचा आणि आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीचे प्रतिबिंब दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून वाचायचे. पट्टी केसभर हलली तरी प्रतिबिंब बरेच सरकते. पुढे हे काम छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप होऊ लागले, पण आरंभीची अनेक वर्षे ही वाचने माणसे डोळ्यांनी घेत होती, दिवसा आणि रात्रीही.

या चिकाटीचे फळ केवढे मोठे असते त्याचे एक उदाहरण देतो. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. कुलाब्याच्या नोंदींत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे सोळाशे नॅनोटेस्लाने खाली आलेला दिसतो, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांची घट. जगातल्या फार थोड्या ठिकाणी या वादळाची अशी आकड्यांतली नोंद झाली. २००३ साली शास्त्रज्ञांनी या वादळाची तीव्रता नव्याने काढली ती कुलाब्याच्या या जुन्या वह्यांच्या आधारे. आज असे वादळ आले तर कृत्रिम उपग्रहांचे आणि वीजवाहिन्यांचे काय होईल, हा अंदाज बांधतानाही हेच आकडे उपयोगी पडतात. वाचने घेणाऱ्यांना तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी नोंद चुकवली नाही, एवढेच.

ट्राम येते

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. घोड्यांच्या ट्रामचा चुंबकपट्टीला काही उपद्रव नव्हता. परंतु विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ट्राम विजेवर चालवण्याचे ठरू लागले आणि वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला.

ट्रामला डोक्यावरच्या तारेतून एकदिश वीज मिळते आणि ती वीज रुळांतून परत जाते. तारेतला आणि रुळातला प्रवाह समान आणि विरुद्ध दिशांना असतील, तर दूरवर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना बरेचसे रद्द करतात. परंतु रूळ जमिनीवर टेकलेले असतात. त्यामुळे परतीचा काही प्रवाह रूळ सोडून ओलसर जमिनीतून, पाण्याच्या नळांतून, वाट मिळेल तसा पसरतो. आता बेरीज शून्य होत नाही.

हा परिणाम केवढा असेल? दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना करता येईल असे हे गणित आहे. सरळ तारेतून 'आय' अँपिअर प्रवाह जात असेल, तर 'आर' मीटर अंतरावरचे चुंबकीय क्षेत्र टेस्लामध्ये २ × १०⁻⁷ × आय ÷ आर इतके असते. समजा, केवळ दहा अँपिअर प्रवाहाची जोडी जुळली नाही आणि तो शंभर मीटर अंतरावरून गेला. उत्तर येते वीस नॅनोटेस्ला. जमिनीत पसरणारा प्रवाह सरळ तारेसारखा नसतो, म्हणून हा केवळ ढोबळ अंदाज. पण ज्या दैनंदिन चढउताराचा अभ्यास वेधशाळा करत होती, तो चढउतारच मुळी काही दशक नॅनोटेस्लांचा. सूर्याचे सूक्ष्म परिणाम मोजायला बसावे आणि कागदावर ट्रामचे वेळापत्रक उमटावे, अशी गत झाली असती.

मूस यांनी शहराशी भांडण मांडले नाही आणि मोजमापही सोडले नाही. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागची जागा निवडण्यात आली. तेथे १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड वापरला, कारण आपला नेहमीचा काळा पाषाण चुंबकीय गुणाचा असतो. लोखंडाचा खिळाही चालणार नव्हता, म्हणून जोडकामात तांबे-पितळ आले.

यातला सर्वांत शहाणपणाचा भाग पुढेच आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेण्यात आली. दोन जागांच्या वाचनांतला फरक किती, हे त्यामुळे नक्की कळले आणि १८४० च्या दशकापासूनची मालिका न तुटता पुढे चालू राहिली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम १९६४ मध्ये बंदही पडली. अलिबागची वेधशाळा मात्र आजही मोजमापे घेत आहे. ती आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

हा प्रसंग एकट्या मुंबईचा नव्हता. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेलाही विजेच्या ट्रामनेच हलवले. तेथील चुंबकीय काम स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर या आडबाजूच्या जागी गेले आणि १९०८ साली तेथे नवी वेधशाळा सुरू झाली. ट्राम कंपनीने दिलेल्या भरपाईचा तिला हातभार लागला. ज्याच्यामुळे नुकसान होते त्याने खर्चाचा वाटा उचलावा, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ट्रामची गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. १९९५ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संस्थेत, जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर परिघाच्या यंत्रात इलेक्ट्रॉन फिरवले जात होते, तेव्हा त्यांच्या ऊर्जेत न उलगडणारे बारीक चढउतार दिसले. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत ते थांबत. शोधाअंती कारण सापडले ते जवळून जाणाऱ्या फ्रान्सच्या रेल्वेगाड्यांचे. त्यांचा परतीचा प्रवाह रूळ सोडून जमिनीतून वाट काढत यंत्राच्या नळीपर्यंत येत होता. कारण तेच, नव्वद वर्षांनंतर.

गोंगाटातून निघालेले शास्त्र

आता तारेतल्या प्रवाहाकडून हवेतल्या लहरींकडे वळू. हाइनरिख हर्ट्झ याने १८८७ मध्ये विद्युत ठिणगी पाडून रेडिओलहरी निर्माण केल्या, हे आपण शिकवतो. या वाक्याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. जेथे जेथे विजेची ठिणगी पडते, तेथे तेथे एक छोटे, कोणी न मागितलेले रेडिओ केंद्र सुरू होते. मोटारीतला प्लग, दिव्याचे बटण, वीजतारेचा सैल सांधा, ही सगळी अशीच केंद्रे.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील अभियंता कार्ल जान्स्की याच्याकडे १९३० च्या सुमारास एक रुक्ष काम होते. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनवर जी खरखर येते तिचे उगम शोधायचे. त्याने फोर्ड मोटारीच्या चाकांवर गोल फिरणारा एक लांबलचक अँटेना बांधला आणि साडेवीस मेगाहर्ट्झवर कान लावून बसला. जवळच्या वादळांची खरखर ओळखू आली, दूरच्या वादळांचीही आली. उरली एक बारीक, सतत चालणारी सूंसूं. ती रोज जोरात ऐकू येण्याची वेळ चार चार मिनिटांनी अलीकडे सरकत होती. चोवीस तासांऐवजी तेवीस तास छप्पन्न मिनिटे! हा तर ताऱ्यांचा दिवस. १९३३ साली जान्स्कीने जाहीर केले, की ही खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येते आहे. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा झाला. टेलिफोनवाल्यांचा गोंगाट तो खगोलशास्त्रज्ञांचा संदेश, आणि टेलिफोनवाल्यांचा संदेश तो खगोलशास्त्रज्ञांचा गोंगाट. पुढचा सगळा इतिहास या अदलाबदलीतून घडला आहे.

आकाशातून येणारा हा संदेश किती क्षीण असतो, याची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. रेडिओ खगोलशास्त्रात 'जान्स्की' हे एकक वापरतात. दर चौरस मीटरवर, दर हर्ट्झला १०⁻²⁶ वॅट, म्हणजे एक जान्स्की. आजच्या मोठ्या दुर्बिणी याच्या हजाराव्या भागाइतके आणि त्याहूनही क्षीण स्रोत पाहतात. आता चंद्रावर एक मोबाइल फोन ठेवला असे समजू. एक वॅट शक्ती, दोनशे किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा, अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. शक्ती सर्व दिशांना सारखी पसरते असे धरून भागाकार करा. उत्तर सुमारे २७० जान्स्की येते. म्हणजे चंद्रावरचा फोनही आकाशातल्या ठळक रेडिओस्रोतांत गणला जाईल. मग वायफायची दशांश वॅटची पेटी दुर्बिणीपासून दहा मीटरवर असेल तर? वीस मेगाहर्ट्झचा पट्टा धरला तर उत्तर चारावर चौदा शून्ये इतके जान्स्की येते. हे दोन्ही भागाकार विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावेत. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांत आहे.

राहिलेले अर्धे असे. दुर्बीण वर पाहते हे खरे, पण ती केवळ वरच पाहते असे नाही. कुठलाही अँटेना बाजूने येणाऱ्या लहरीही थोड्याफार टिपतो. समोरच्या माणसाशी बोलताना मागून कोणी ओरडले तर आपल्याला ऐकू येतेच की!

शांततेसाठी कायदा

१९५० च्या दशकात अमेरिकेने वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्रीन बँक या डोंगरांनी वेढलेल्या खेड्यात राष्ट्रीय रेडिओ वेधशाळा उभारायचे ठरवले. या वेळी शास्त्रज्ञांनी कुलाब्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकले. गोंगाट येईल तेव्हा हलू असे न म्हणता, गोंगाट येऊच नये अशी तजवीज आधी केली. राज्याने १९५६ मध्ये कायदा केला आणि १९५८ मध्ये सुमारे चौतीस हजार चौरस किलोमीटरचा 'राष्ट्रीय रेडिओ शांतता विभाग' जाहीर झाला. दुर्बिणीजवळ पेट्रोलची गाडी नेत नाहीत, डिझेलची नेतात, कारण डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो.

पण या शांततेची किंमत गावाने मोजली. मोबाइल आला तेव्हा तेथे मनोरे उभे राहिले नाहीत. गावच्या शाळेतही बराच काळ वायफाय वापरता येत नव्हते. ज्या काळात मुलांच्या शिक्षणाची साधने बिनतारी होत चालली होती, त्या काळात ही अडचण लहान नव्हती. वेधशाळेमुळे गावाला काम मिळाले आणि नाव मिळाले, हेही खरे. दोन्ही बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

सांडपाण्याचा पट्टा

वायफाय नेमके २.४ गिगाहर्ट्झवर का चालते, हा प्रश्न वर्गात कधी तरी येतोच. त्याचे उत्तर १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत आहे. कारखान्यांतल्या तापवण्याच्या भट्ट्या, डॉक्टरांची शेक देणारी यंत्रे यांतून रेडिओलहरी निसटतात. त्या सगळीकडे सांडू नयेत म्हणून औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी काही वारंवारता वेगळ्या राखण्यात आल्या. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांतलाच. गावाने सांडपाण्यासाठी एक ओढा नेमून द्यावा तसा हा प्रकार. घरातली मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. या वारंवारतेला पाण्याच्या रेणूचे अनुस्पंदन होते म्हणून ती निवडली, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते, पण ते बरोबर नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या पट्ट्यांत कमी शक्तीची संदेशवहन साधने विनापरवाना वापरण्यास मुभा दिली. ज्याला कोणी वाली नव्हता अशा पट्ट्यात नव्या कल्पनांना मोकळे रान मिळाले. १९९७ मध्ये त्यासाठी पहिले समान मानक तयार झाले आणि त्यातूनच वायफाय घरोघरी पोचले. भारतात हा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात, छोट्या कृष्णविवरांचे स्फोट होताना रेडिओस्पंद येतात का, याचा शोध घेत होते. तो शोध निष्फळ ठरला. पण अवकाशातून येताना विस्कटलेला संकेत गणिताने पुन्हा कसा जुळवायचा, याचा अभ्यास हाती राहिला. पुढे खोलीत बिनतारी संदेश पाठवताना तोच प्रश्न वेगळ्या वेषात आला. रिकाम्या सभागृहात बोलणाऱ्याचा आवाज भिंतींवर आपटून घुमतो आणि शब्द कळत नाहीत, तसेच खोलीतल्या रेडिओलहरींचे होते. ओसलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर काढलेल्या उपायाचे अमेरिकन पेटंट १९९६ मध्ये मिळाले. जलद वायफायमध्ये ते तंत्र वापरले गेले आणि त्यांच्या संस्थेला, म्हणजे 'सीएसआयआरओ'ला, त्यातून चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. ज्या वायफायचा रेडिओ दुर्बिणींना आज उपद्रव होतो, ते काही अंशी रेडिओ खगोलशास्त्राचेच अपत्य आहे.

पार्क्सची भट्टी

ऑस्ट्रेलियातच पार्क्स येथे चौसष्ट मीटर व्यासाची प्रसिद्ध दुर्बीण आहे. तिच्या जुन्या नोंदींत २००७ मध्ये एक अत्यंत अल्पकालीन, तीव्र रेडिओस्फोट सापडला. त्याच्या उच्च वारंवारतेच्या लहरी आधी आणि कमी वारंवारतेच्या नंतर पोचल्या होत्या. दीर्घ अंतर कापताना, वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे असेच व्हायला हवे. स्फोट आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडचा असावा असे दिसत होते.

परंतु त्याच दुर्बिणीत तसेच दिसणारे दुसरे संकेतही येत. त्यांत एक खोट होती. दुर्बिणीचे ग्राहक एकाच वेळी आकाशाचे तेरा ठिपके पाहत, आणि हे संकेत तेराही ठिपक्यांत एकदम उमटत. म्हणजे ते जवळचे, पृथ्वीवरचेच असले पाहिजेत. शिवाय ते बहुधा दिवसा, कामाच्या वेळात येत. त्यांना 'पेरिटॉन' असे नाव मिळाले, पण उगम सापडेना. त्यामुळे खऱ्या स्फोटाविषयीही शंका घेतली जाऊ लागली.

२०१५ च्या आरंभी, परिसरातला गोंगाट टिपणारे वेगळे उपकरण तेथे चालू असताना पेरिटॉन आले. त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही लहरी नोंदलेल्या होत्या. वायफाय की मायक्रोवेव्ह भट्टी? एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी भट्ट्यांचे प्रयोग केले. भट्टी आपली आपण थांबली तर काहीच होत नसे. पण चहा-जेवण गरम करणाऱ्याने वेळ संपण्यापूर्वीच दार ओढून उघडले, तर भट्टीतला मॅग्नेट्रॉन बंद पडता पडता क्षणभर १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी फेकी आणि त्या उघड्या दारातून बाहेर पडत. दुर्बीण योग्य दिशेला वळलेली असली, की झाला पेरिटॉन.

वृत्तपत्रांनी यावर विनोद केले. आमच्या मते ही विज्ञानातली अतिशय प्रामाणिक तपासणी होती. खोटे संकेत ओळखता आल्यामुळेच खरे संकेत निःशंकपणे वेगळे काढता आले. दूरच्या दीर्घिकांतून येणारे असे स्फोट आज वस्तुस्थिती म्हणून मान्य आहेत.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेरची पेटी

दुर्बिणींसारखीच नाजूक उपकरणे विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांतही असतात. चेतापेशीतून येणारे, मिलिव्होल्टच्याही अंशाइतके विद्युतस्पंद मोजायचे असतात. अतिशीत तापमानाला क्षीण चुंबकीय परिणाम मोजायचे असतात. त्यांपैकी बहुतेक मापने २.४ गिगाहर्ट्झपासून फार दूर, अगदी कमी वारंवारतेची असतात. मग वायफायने काय बिघडते?

जुन्या मोबाइल फोनचा अनुभव आठवावा. फोन येण्याआधी शेजारच्या रेडिओच्या किंवा ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यातून 'टरर्र टरर्र' आवाज येत असे. फोनच्या लहरी आपल्याला ऐकू येणे शक्य नाही. परंतु फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरी सोडत आणि थांबवत असे. ध्वनिवर्धकाच्या लांब तारा अँटेना बनत, आतले अर्धवाहक घटक लहरींचे एकदिशीकरण करत आणि ती २१७ हर्ट्झची उघडझाप आपल्याला ऐकू येई. वायफायची पेटीही कोणी वापरत नसताना गप्प बसत नाही. 'मी येथे आहे' असा छोटा संदेश ती साधारणपणे सेकंदाला दहा वेळा सोडते. मेंदूच्या अल्फा लहरी सेकंदाला आठ ते तेरा या वेगाच्या असतात! वर्धकाच्या तारा उघड्या असतील आणि पेटी जवळ असेल, तर काय घोटाळा होऊ शकतो हे सांगायला नको.

यावरचा मुख्य उपाय मायकेल फॅराडेने १८३६ मध्येच दाखवून दिला आहे. धातूच्या पत्र्याने किंवा जाळीने मढवलेली खोली बाहेरच्या विद्युतक्षेत्रापासून सुरक्षित राहते. रुग्णालयातील एमआरआयची खोली अशीच मढवलेली असते. पण कवच महाग असते, दाराच्या फटीतून लहरी शिरतात आणि आत जाणारी प्रत्येक तार गोंगाट घेऊन जाते. म्हणून साधे उपायही हवेत. पेटी भिंतीपलीकडे, दूर बसवावी. तिची शक्ती कमी करावी. आतल्या संगणकांना तारेने किंवा प्रकाशतंतूने जोडावे. आणि पेटी बसवण्यापूर्वी व बसवल्यानंतर, दोन्ही वेळा मोजमाप घ्यावे. मूस यांनी दोन वर्षे नेमके हेच केले होते.

खोडद आणि रेल्वे

आता पुन्हा खोडदला येऊ. गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची, म्हणजे 'जीएमआरटी'ची कल्पना मांडली. मीटरभर लांबीच्या लहरींचा पट्टा पाश्चात्त्य देशांत दूरचित्रवाणी आणि इतर केंद्रांनी गजबजलेला होता. भारतात तो अजून बराच शांत होता. आपल्या मागासलेपणातली ही एक संधी होती आणि ती त्यांनी ओळखली. पुण्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, डोंगरांच्या आडोशाला तीस तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा मध्यभागी, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जोडणी प्रकाशतंतूंची. त्यांना पाहायला जगभरातून शास्त्रज्ञ येतात.

ही दुर्बीण सुमारे दीड गिगाहर्ट्झच्या खाली काम करते. वायफायचा पट्टा त्याच्या बाहेर आहे. तरीही राउटर, संगणक, चार्जर, एलईडी दिवे यांच्या आतल्या जलद उघडझापीतून खालच्या पट्ट्यात गोंगाट सांडतोच. त्याहून मोठा उपद्रव वीजवाहिन्यांवरच्या सैल सांध्यांतून उडणाऱ्या ठिणग्यांचा. हर्ट्झचा तोच प्रयोग, शेताच्या बांधावर. अशा ठिणग्यांचे क्षणिक स्पंद ओळखून गाळणारी यंत्रणा दुर्बिणीच्या नव्या आवृत्तीत बसवली आहे. पण गाळणीलाही मर्यादा असतात.

आणि म्हणूनच पुणे-नाशिक रेल्वेचा प्रश्न आला. नारायणगाव-संगमनेरमार्गे आखलेला हा मार्ग दुर्बिणीच्या परिसरातून जातो, या कारणाने तो सोडून अहिल्यानगर-शिर्डीच्या बाजूने नेण्याचे रेल्वे मंत्रालयाने २०२५ च्या सुमारास सांगितले. जुन्नर, संगमनेर भागात नाराजी पसरली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला आकाशगंगेपेक्षा रेल्वे अधिक निकडीची वाटली, तर त्यात त्याचे काय चुकले? तांत्रिक उपाय शोधा आणि मूळ मार्ग ठेवा, अशी तेथील मागणी आहे. दुसरीकडे, तीस तबकड्यांची दुर्बीण म्हणजे धाग्याला टांगलेली चुंबकपट्टी नव्हे. ती उचलून अलिबागला नेता येत नाही.

या वादात कोणाचे बरोबर, हा निवाडा आम्ही करणार नाही. परंतु इतिहासाने तीन गोष्टी दाखवल्या आहेत. एक, शेजाऱ्यांची योजना कागदावर असतानाच दोघांनी एकत्र बसावे. मूस यांना ट्रामच्या आधी वेळ मिळाला म्हणून मालिका वाचली. दोन, त्रास किती हे वादाने ठरत नाही, मोजून ठरते. पार्क्सची भट्टी मोजूनच सापडली. तीन, शांततेची किंमत एकट्या गावाच्या माथी मारू नये. क्यूच्या वेळी ट्राम कंपनीने पैसे दिले. तसे, ज्या शांततेचा लाभ साऱ्या देशाला होतो, तिच्यासाठी खर्च झाला तर तोही देशाने वाटून घ्यावा, म्हणजे गावाला रस्ता, रेल्वे, शाळा यांचा योग्य पर्याय द्यावा. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तिला जमिनीची बारीक कंपनेही चालणार नाहीत. तेव्हा हे प्रश्न तेथेही येणार आहेत.

वर्गात करण्यासारखे

शेवटी, पैसे न लागणारे दोन प्रयोग. पहिला, मध्यम लहरींचा साधा रेडिओ घ्या आणि दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा. तो चालू एलईडी दिवा, फोनचा चार्जर, संगणक यांच्याजवळ न्या. खरखर किती पावलांवर ऐकू येईनाशी होते, ते प्रत्येक वस्तूसाठी लिहून ठेवा. शाळेचा 'गोंगाट-नकाशा' तयार होईल.

दुसरा, मोबाइल फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा आणि त्यावर फोन करून पाहा. मग झाकण किंचित उघडे ठेवून पाहा. पुढे ॲल्युमिनियमचा कागद आणि तारेची जाळी यांतही तो गुंडाळून पाहा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तर मायक्रोवेव्हच्या दारावरच्या जाळीची छिद्रे मिलिमीटरची. जीएमआरटीची तबकडीही भरीव पत्र्याची नसून बारीक तारांच्या जाळीची आहे, तरी तिला ती पुरते. का, ते मुलांना सांगता येईल.

आमच्याबरोबरच्या त्या विद्यार्थिनीला हे सगळे त्या दिवशी फाटकाशी सांगता आले असते, तर तिने फोन नियम म्हणून नव्हे, समजून बंद केला असता. पुढच्या सहलीच्या वेळी आम्ही हा लेख गाडीतच वाचून दाखवणार आहोत.